फोन कोणाकडे जावा? कचेरीतील इंटरनेट टेलिफोनच्या नियमांविषयी

ज्युबिलीच्या स्मरणिकेत टेलिफोनच्या यंत्रावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. पण आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांशी लोकांचा पहिला संबंध बहुधा फोनवरूनच येतो. दवाखान्याची वेळ विचारणारी बाई, वसतिगृहात मुलाला जागा मिळेल काय हे पाहणारा शेतकरी बाप, मध्यरात्री रुग्णवाहिका मागणारा शेजारी, ही सगळी माणसे प्रथम एक नंबर लावतात. आणि पलीकडे कोण बोलते, किंवा कोणीच बोलत नाही, यावरून संस्थेविषयी त्यांचे मत ठरते. गेल्या काही वर्षांत अशा पुष्कळ कचेऱ्यांतून तांब्याच्या तारेचा जुना फोन जाऊन इंटरनेटवर चालणारा फोन आला आहे, आणि त्याबरोबर ‘कॉल रूटिंगचे नियम’ नावाची एक वस्तू आली आहे. यंत्र बसविण्यास आलेला तरुण विचारतो, “साहेब, कॉल कुठं टाकू?” आणि कारभारी मंडळी म्हणतात, “टाक, तुला बरं वाटेल तिथं.” हे उत्तर देऊ नये, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

मागे मोठ्या कचेऱ्यांत आणि इस्पितळांत टेलिफोनचा बोर्ड असे आणि त्यावर ऑपरेटर बसत. फोन आला की त्या विचारीत, कोण पाहिजे, आणि दोरी योग्य भोकात खोचून देत. त्यांना आवाज ओळखू येत. डॉक्टर जेवायला गेले आहेत, मुख्य लिपिक आज रजेवर आहेत, पलीकडची बाई रडते आहे म्हणून तिला ताटकळत ठेवता कामा नये, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. यंत्राला यांतले काहीही ठाऊक नसते. त्या ऑपरेटरच्या डोक्यात जे होते ते आता एकेक करून कागदावर लिहून यंत्राला सांगावे लागते. कॉल रूटिंगचा नियम तो हाच.

ऑपरेटरबाईंच्या हातून काम काढून यंत्राला देण्याची कल्पनाही एका गाऱ्हाण्यातून निघाली असे सांगतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरविणारा गृहस्थ होता. आपली गिऱ्हाइके एक्स्चेंजमधून प्रतिस्पर्ध्याकडे जोडली जातात असा त्याला संशय आला, अशी ही कथा आहे. कथेतला तिखटमीठ सोडला तरी स्ट्राउजरला १८९१ साली आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्याच्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज उघडले, हा इतिहास आहे. फोन कोणाकडे जावा हा प्रश्न तेव्हाही तांत्रिक नव्हता, आजही नाही.

यंत्राची ओळख थोडक्यात करून घेऊ. कचेरीतील प्रत्येक टेबलावरच्या फोनला एक आतला नंबर असतो. त्यास एक्स्टेंशन म्हणतात. टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या बाहेरच्या लाईनीस ट्रंक म्हणतात. या दोहोंच्या मध्ये जे बसते ते पीबीएक्स. पूर्वी ती लोखंडी पेटी असे; आता तो एका साध्या संगणकावरचा प्रोग्राम असतो, किंवा दूरच्या कोणा कंपनीच्या संगणकावर असतो. ज्या भाषेत ही यंत्रे एकमेकांशी बोलतात तिला ‘सिप’ म्हणतात, आणि तिचा आज चालू असलेला मुख्य मसुदा २००२ सालचा आहे. ‘अ‍ॅस्टरिस्क’ नावाचा फुकट मिळणारा पीबीएक्स मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ साली अमेरिकेत तयार केला, कारण विकतचा पीबीएक्स घेणे त्याच्या छोट्या धंद्याला परवडत नव्हते. लहान संस्थांना आज ही सोय झाली आहे, तिचे पुष्कळसे श्रेय त्या अडचणीला आहे. ट्रंक मात्र परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्यावी. स्वस्त मिनिटांचे आमिष दाखविणाऱ्या मध्यस्थांच्या वाटेस संस्थेने जाऊ नये.

आता पहिला प्रश्न, आतल्या नंबरांचा. तो क्षुल्लक वाटतो, परंतु पुष्कळ ठिकाणी खरा घोटाळा येथेच होतो. कारागिराची सवय अशी की पहिल्या टेबलास १०१, दुसऱ्यास १०२, असे क्रमाने देत जावे. दिसायला हे व्यवस्थित आहे. पण आपल्या देशात १०१ हा अग्निशामक दलाचा नंबर आहे, १०२ आणि १०८ रुग्णवाहिकेचे, १०० पोलिसांचा, ११२ सर्व संकटांचा एकत्र नंबर, १८१ महिलांच्या मदतीचा आणि १०९८ मुलांच्या मदतीचा. यंत्र प्रथम आपल्या घरात पाहते. दिलेला नंबर घरातच असेल तर ते बाहेर जातच नाही. तेव्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गॅसने पेट घेतला आणि आचाऱ्याने घाबरून १०१ लावला, तर घंटी वाजेल ती मुख्य लिपिकांच्या टेबलावर. आणि रात्र असेल तर ती वाजतच राहील. यास्तव आतले नंबर २०१ पासून पुढे किंवा चार अंकी ठेवावेत. एकचा फाटा सरकारसाठी मोकळा सोडावा. हे काम पहिल्याच दिवशी फुकट होते. नंबर छापून, भिंतीवर लावून, लोकांच्या तोंडी बसल्यावर ते बदलणे जिवावर येते.

दुसरा प्रश्न बाहेर जाणाऱ्या फोनांचा. येथे यंत्राला नंबरांचे ‘साचे’ द्यावे लागतात. साचा म्हणजे नंबराचा नमुना: अमुक अंकाने सुरू होणारा, इतक्या अंकांचा. त्याच्यापुढे लिहावयाचे की असा नंबर आल्यास तो कोणत्या लाईनीने, पुढे काय जोडून किंवा काय गाळून पाठवावा. बेळगावच्या कचेरीचे उदाहरण घेऊ. गावातला नंबर सात अंकी; तो आहे तसा जाऊ द्यावा. सहा, सात, आठ किंवा नऊ या अंकाने सुरू होणारा दहा अंकी नंबर मोबाईलचा समजावा, आणि त्याच्यापुढे यंत्रानेच शून्य जोडावे. कारण १५ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे स्थिर फोनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. (पुष्कळ कचेऱ्यांत “आमच्या फोनवरून मोबाईल लागतच नाही” अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी हे एक शून्य असू शकते.) शून्य आणि मग दहा अंक असा नंबर परगावचा किंवा मोबाईलचा, तोही आहे तसा जाऊ द्यावा. येथे एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, इंदूरचा ०७३१, ग्वाल्हेरचा ०७५१. कोणी घाईत आरंभीचे शून्य न लावता इंदूरच्या नातलगाचा घरचा नंबर लावला, तर तो सातने सुरू होणारा दहा अंकी नंबर होतो आणि यंत्र त्यास मोबाईल समजते. सुदैवाने पुढे शून्यच जोडावयाचे असल्याने या चुकीतून फोन बरोबरच लागतो.

दोन शून्यांनी सुरू होणारा नंबर परदेशाचा. ज्या कचेरीला परदेशी फोन करावयाचे नाहीत तिने हा रस्ता सरळ बंद ठेवावा. इंटरनेटवरचे भामटे कच्चा पासवर्ड असलेले पीबीएक्स शोधत असतात, आणि एखादे सापडले की शनिवारी रात्री, कचेरी बंद असताना, त्यावरून दूरदेशीच्या महागड्या नंबरांना फोन करीत सुटतात. सोमवारी सकाळी लिपिक दार उघडतो तेव्हा देणगीदारांनी वर्षभरात दिलेले पैसे खर्ची पडलेले असतात. आखातात असलेल्या देणगीदारांशी बोलणे जरूर असेल तर त्या देशाच्या कोडापुरता एकच साचा ठेवावा आणि त्यालाही गुप्त अंक विचारावा.

आता क्रमाविषयी. आम्ही पेशाने शिक्षक आहोत. व्याकरण शिकविताना आधी नियम सांगावा आणि मग अपवाद, ही आमची रीत. या यंत्राची रीत नेमकी उलट आहे. पुष्कळशा पीबीएक्समध्ये नियम वरून खाली वाचले जातात, आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो. त्याखाली काय लिहिले आहे हे यंत्र पाहतसुद्धा नाही. म्हणून अपवाद वर आणि सर्वसाधारण नियम खाली ठेवावा लागतो. ‘कोणताही नंबर’ असा साचा कोणी सर्वांत वर लिहून ठेवला, तर खालची परदेशबंदी केवळ शोभेची राहते. अ‍ॅस्टरिस्कच्या मूळ नियमपत्रिकेत मात्र अधिक नेमका साचा कोणता हे यंत्र स्वतः ठरविते. पण त्यावर बसविलेल्या फ्रीपीबीएक्ससारख्या पडद्यात बाहेर जाणाऱ्या वाटांचा क्रम पाहिला जातो. आपल्या यंत्राची पद्धत यांपैकी कोणती, हे कारागिरास विचारून घ्यावे. त्याने उत्तर देताना अडखळावे हेही एक उत्तरच आहे.

सर्वांत वर काय असावे याविषयी आमच्या मनात शंका नाही. संकटकाळचे नंबर सर्वांत वर, कोणताही उपसर्ग न मागता, कोणत्याही टेबलावरून. पुष्कळ कचेऱ्यांत बाहेरची लाईन घेण्यास आधी शून्य किंवा नऊ दाबण्याची जुनी रीत अजून चालू आहे. तिचे काय होऊ शकते याचे एक खरे उदाहरण आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील मार्शल गावी एका उतारू हॉटेलच्या खोलीत कॅरी हंट या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथेच होती. घरी शिकविल्याप्रमाणे तिने खोलीतील फोनवरून ९११ हा तिकडचा संकटकाळचा नंबर लावला. एकदा नव्हे, चार वेळा लावला. फोन लागला नाही, कारण त्या हॉटेलच्या यंत्रात बाहेर जाण्यासाठी आधी आणखी एक नऊ दाबावा लागत असे, आणि हे त्या लेकराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कॅरी वाचली नाही. तिच्या वडिलांनी हा प्रश्न लावून धरला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तिच्या नावाचा कायदा तेथे मंजूर झाला आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून तेथे बसविल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रात ९११ थेट लागलाच पाहिजे, तसेच तो लावला गेल्याची सूचना कचेरीतील जबाबदार ठिकाणी पोचली पाहिजे, असे बंधन आले. मुलीने शिकविल्याबरहुकूम सर्व केले होते. यंत्रानेही सांगितल्याबरहुकूम सर्व केले होते. मधल्या एका ओळीचा विचार कोणी केला नव्हता.

आपल्या वसतिगृहांतही मुले राहतात. तेथील व्हरांड्यातल्या फोनवरून एक, एक, दोन एवढेच दाबले असता फोन बाहेर जातो काय, हे विश्वस्तांनी स्वतः विचारावे. सीमाभागातील संस्थांना याहून एक सूक्ष्म गोष्ट पाहावी लागते. पीबीएक्स बेळगावच्या कचेरीत आणि त्याचेच एक एक्स्टेंशन इंटरनेटवरून चंदगडच्या शाखेत, अशी मांडणी आता सहज होते. परंतु चंदगडहून लावलेला ११२ बेळगावच्या लाईनीने बाहेर पडेल, आणि मग तो महाराष्ट्राऐवजी कर्नाटकाच्या नियंत्रण कक्षाकडे जाण्याचा संभव आहे. अशा शाखेत मोबाईलवरूनच ११२ लावावा असे फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, आणि कोठूनही लावला तरी आपला पत्ता तोंडाने आधी सांगावा.

बाहेरून येणाऱ्या फोनांचे नियम याहून सोपे, पण त्यांत माणसांच्या भावना अधिक. पहिला नियम वेळेचा: कचेरी उघडी असता फोन एका गटाकडे जावा, म्हणजे दोनतीन टेबलांवर एकदम घंटी वाजावी. वीस सेकंदांत, म्हणजे फोन करणाऱ्याच्या कानी सहासात वेळा घंटी वाजेपर्यंत, कोणी न उचलल्यास तो दुसऱ्या गटाकडे जावा. येथेही अपवाद वर हेच सूत्र आहे. सुट्ट्यांचा नियम आधी, रोजच्या वेळेचा नंतर. गणेशचतुर्थी, दिवाळी, नाताळ यांच्या तारखा वर्षारंभीच यंत्रात भरून ठेवता येतात. ईदचे तसे नाही. चंद्रदर्शन झाले नाही तर सुट्टी एक दिवस पुढे जाते, आणि मग कचेरी उघडी, लिपिक हजर, आणि फोन मात्र सर्वांना “आज सुट्टी आहे” असे सांगत बसतो. यासाठी एक ठराविक अंक दाबून कचेरी ‘चालू’ किंवा ‘बंद’ करण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, ती मागून घ्यावी. रमजानात किंवा मे महिन्यात कचेरीच्या वेळा बदलतात तेव्हाही तिचा उपयोग होतो.

“मराठीसाठी एक दाबा, कन्नडसाठी दोन दाबा” असा जो यंत्राचा आवाज बोलतो त्याला आयव्हीआर म्हणतात. लहान संस्थेने तो जितका टाळता येईल तितका टाळावा, असे आमचे मत आहे. आपल्या भागात मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी, कोकणी अशा पाच भाषांची माणसे एकाच नंबरावर येतात. पाच वेळा “दाबा” ऐकेपर्यंत आजारी मनुष्याचा धीर सुटतो, आणि पहिली भाषा कोणती यावरून मंडळाच्या सभेत जो वाद होईल तो वेगळाच. त्यापेक्षा दोन भाषा येणारा मनुष्य फोनवर बसवावा. आमच्या गावांत असा मनुष्य शोधावा लागत नाही. आयव्हीआर ठेवावाच लागला तर त्यात तीनांहून अधिक पर्याय नसावेत. सर्वांत तातडीचा पर्याय, म्हणजे रुग्णवाहिका किंवा दवाखाना, पहिला असावा. आणि काहीही न दाबणाऱ्याचा फोन तोडू नये, तो माणसाकडे जावा. पुष्कळ वृद्धांना बोलत असताना फोन कानापासून दूर नेऊन अंक शोधणे जमत नाही. ते नुसते “हॅलो, हॅलो” म्हणत राहतात, आणि यंत्र त्यांना ‘चुकीची निवड’ असे सुनावते.

रात्रीचा फोन बहुधा कोणा कार्यकर्त्याच्या किंवा चालकाच्या मोबाईलकडे वळविलेला असतो. यात तीन खाचखळगे आहेत. मोबाईलवरच्या निरोपयंत्राने फोन उचलला तरी पीबीएक्सच्या लेखी तो ‘उचलला’ गेला. पुढच्या माणसाकडे तो जात नाही, आणि रुग्णाचा नातलग अंधारात यंत्राशी बोलत राहतो. यावर उपाय म्हणजे, उचलणाऱ्याने एक अंक दाबल्यावाचून फोन स्वीकारला असे समजू नये, हा नियम. तो बहुतेक यंत्रांत असतो, पण आपण होऊन कोणी चालू करून देत नाही. दुसरे असे की, चालकाने आपला मोबाईल बंद असता फोन कचेरीकडे वळावा अशी व्यवस्था केली असेल, आणि कचेरीने रात्री तो चालकाकडे वळविला असेल, तर फोन दोघांत फिरत राहतो, आणि प्रत्येक फेऱ्यास एक येणारी व एक जाणारी लाईन अडवितो. सिपमध्ये अशा फेऱ्यांना मर्यादा घातलेली आहे खरी, परंतु मोबाईलच्या जाळ्यातून फिरून आल्यावर ती मोजणी टिकेलच असे नाही. म्हणून वाट एकाच दिशेची ठेवावी. तिसरी गोष्ट साधी आहे: वळविलेल्या फोनवर चालकाला बहुधा संस्थेचाच नंबर दिसतो, मूळ माणसाचा नव्हे. तेव्हा बोलणे तुटण्यापूर्वी नंबर विचारून घेण्याची सवय त्याला लावावी, आणि संस्थेचा नंबर त्याच्या मोबाईलवर असा नोंदवावा की फोन ‘मूक’ ठेवलेला असतानाही त्याची घंटी वाजेल.

तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधल्या बॅटरीची वीज मिळे, म्हणून गावात अंधार असतानाही जुना फोन चाले. इंटरनेटच्या फोनला तसे नाही. कचेरीतील वीज गेली की काचेच्या तंतूची पेटी, राउटर, पीबीएक्स आणि टेबलावरचा फोन, ही चारही झोपतात. यूपीएस लावावयाचा तर चौघांनाही लावला पाहिजे. आणि जे नियम आपण एवढ्या काळजीने लिहिले ते आपल्याच कचेरीतील पेटीत असले, तर पेटी बंद पडताच नियमही बंद पडतात. म्हणून “संस्थेचे यंत्र उत्तर देत नसेल तर फोन अमुक मोबाईलकडे वळवावा” हा एक नियम टेलिफोन कंपनीच्या बाजूस लिहून घ्यावा. तो कंपनीस लेखी कळवावा लागतो आणि मोबाईलचा धनी बदलला की पुन्हा कळवावा लागतो.

परीक्षा घेतल्यावाचून यातले काहीही झाले असे मानू नये. बाहेरच्या मोबाईलवरून सकाळी, जेवणाच्या सुट्टीत, रविवारी आणि रात्री असे चार वेळा फोन करून कोण उचलते ते पाहावे. घड्याळ पुढे करून रात्रीची परीक्षा दिवसा उरकू नये, कारण त्या वेळी चालक जागा असतो. ११२ची खात्री करावयाची तर आधी स्थानिक पोलिसांस विचारून, त्यांनी सांगितलेल्या वेळी, आणि पहिल्याच वाक्यात “ही चाचणी आहे” असे सांगून करावी.

हे सर्व नियम मराठीत, तारीख घालून, एका कागदावर लिहावेत. एक प्रत फोनजवळ लावावी व एक कार्यवृत्ताच्या वहीत चिकटवावी. यंत्राचा मुख्य पासवर्ड बंद लिफाफ्यात चिटणिसांकडे असावा, आणि कारागीर बदलला की तोही बदलावा.